न गंजणारा बोल्ट का तुटला?

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)

मटेरियल सायन्सच्या ओरलला हमखास पडणारा एक प्रश्न म्हणजे, "स्टेनलेस स्टील गंजतं का?" निम्मे जण "नाही सर" म्हणतात आणि तिथेच गळतात. उरलेले निम्मे "हो सर" म्हणतात. मग एक्स्टर्नल चष्मा वर करून विचारतात, "का?" आणि तेही गळतात. त्या "का?"चं उत्तर मला पुस्तकात नीट सापडलं नव्हतं. ते सापडलं विंडसर्फिंगच्या सामानात, तेही आठ मिलिमीटरच्या एका बोल्टमध्ये. म्हणून हा लेख.

आधी हा खेळ म्हणजे काय ते सांगतो, कारण आपल्या हॉस्टेलमध्ये पाण्याचा खेळ म्हटलं की होळीच्या बादल्याच आठवतात. विंडसर्फिंगमध्ये अडीच मीटरच्या आसपासची एक हलकी फळी असते. तिच्यावर डोलकाठी, डोलकाठीला शीड, आणि शीड हातात धरायला दोन्ही बाजूंनी वळलेला एक दांडा. त्याला बूम म्हणतात. फळीला मागे खाली एक पातं असतं, ते फिन. होडीसारखं सुकाणू नसतं. मग वळायचं कसं? तर डोलकाठीच पुढे किंवा मागे कलवायची. शीड पुढे नेलं की फळीचं नाक वाऱ्यापासून दूर जातं, मागे नेलं की वाऱ्याकडे येतं. म्हणजेच डोलकाठी फळीवर घट्ट ठोकलेली चालत नाही. ती कुठल्याही दिशेला कलली पाहिजे आणि स्वतःभोवती फिरलीही पाहिजे.

आपल्याला थिअरी ऑफ मशिन्समध्ये हुक्स जॉइंट आहे ना, ट्रकच्या प्रोपेलर शाफ्टला असतो तो? त्याचाच हा भाऊबंद. अमेरिकेत कॅलिफोर्नियात जिम ड्रेक नावाचा विमान अभियंता आणि हॉयल श्वाइत्झर या दोघांनी १९६८ साली ज्या पेटंटसाठी अर्ज केला आणि जे १९७० मध्ये मंजूर झालं, त्याच्या केंद्रस्थानी हाच युनिव्हर्सल जॉइंट होता. पुढे १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये हा खेळ पुरुषांसाठी आला, १९९२ ला बार्सिलोनात महिलांसाठी आला, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तर फळ्या पाण्याखालच्या पंखावर उचलल्या जाऊन हवेतून धावत होत्या. एवढं सगळं बदललं, पण डोलकाठी आणि फळी यांना जोडणारी जागा एकच राहिली. आजकाल तिथे बहुतेक वेळा रबराचा किंवा पॉलियुरेथेनचा जाड तुकडा असतो आणि त्याच्या दोन्ही टोकांना स्टेनलेसचे बोल्ट. तो बोल्ट गेला की शीड एकीकडे, फळी दुसरीकडे आणि तुम्ही मध्ये.

माझा मामा गोव्यात असतो. पर्यटकांना विंडसर्फिंग शिकवायचा आणि फळ्या भाड्याने द्यायचा त्याचा छोटासा धंदा आहे. गेल्या हंगामाच्या सुरुवातीला त्याच्याकडच्या एका शिकाऊ पाहुण्याची डोलकाठी किनाऱ्यापासून बरीच आत असताना फळीपासून निखळली. सकाळची वेळ होती. भूगोलात आपण मतलई वारे शिकलो आहोत, जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे. तेच चालू होते. तो माणूस फळीवर बसून तासभर हळूहळू बाहेरच सरकत होता. शेवटी मासेमारीच्या एका होडीने त्याला दोर टाकून ओढत आणलं. त्याला काही झालं नाही, पण मामाची त्या दिवशी जेवणावरची वासना उडाली.

मी सुट्टीत गेलो तेव्हा मामाने तो तुटका बोल्ट कागदाच्या पुडीतून काढून माझ्यापुढे ठेवला. "इंजिनियर ना तू? सांग, का तुटला? स्टीलचा आहे, रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने धुतो मी."

बोल्टचं डोकं चकचकीत होतं. आरसा करून दाढी करावी इतकं. खालचा भाग मात्र रबराच्या आत असायचा आणि तिथे आट्यांच्या तळाशी काळपट तपकिरी टिपके होते, टाचणीच्या टोकाएवढे. तुटलेला पृष्ठभाग त्याहून मजेशीर होता. साधारण दोन तृतीयांश भाग गुळगुळीत, तपकिरी, आणि त्यावर एकात एक बसवलेल्या कमानींसारख्या बारीक रेषा. उरलेला भाग खडबडीत आणि ताजा, राखाडी. मी तो तुकडा इकडे आणून आपल्या मेटलर्जी लॅबच्या मायक्रोस्कोपखाली बघितला. (लॅब असिस्टंटनी जर्नल पूर्ण असल्याची खात्री करून मगच मायक्रोस्कोप दिला, ही गोष्ट वेगळी.) कमानी एका टिपक्यापासून सुरू होत होत्या. म्हणजे बोल्ट त्या सकाळी तुटला नव्हता. तो कित्येक दिवस तुटत होता, आणि त्या सकाळी फक्त त्याचा निकाल लागला.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. स्टेनलेस स्टील हे शेवटी लोखंडच. त्यात निदान साडेदहा टक्के क्रोमियम असतं. हे क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून पृष्ठभागावर ऑक्साइडचं एक आवरण तयार करतं. त्याची जाडी एक ते तीन नॅनोमीटर. आपला केस साधारण सत्तर हजार नॅनोमीटर जाड असतो, त्यावरून कल्पना करा. एवढ्याशा पापुद्र्यावर सगळी इज्जत अवलंबून! गंमत अशी की हे आवरण खरवडलं तरी लगेच पुन्हा तयार होतं. मेसमधलं ताट रोज राखेने आणि काथ्याने घासूनही गंजत नाही ते यामुळे. पण "लगेच पुन्हा तयार होतं" या वाक्याला एक अट आहे, ती म्हणजे ऑक्सिजन मिळाला पाहिजे. ओरलमध्ये ही अट सांगा, एक्स्टर्नल खूश होतील.

या आवरणाचा खरा शत्रू म्हणजे क्लोराइड. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात क्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे. समुद्राच्या पाण्यात ते सुमारे १९,००० मिलिग्रॅम असतं. क्लोराइडचा आयन आवरणातल्या कच्च्या जागा शोधून तिथे भोक पाडतो. आपल्या आज्या लोणचं स्टीलच्या डब्यात न ठेवता चिनीमातीच्या बरणीत का ठेवायच्या, याचं उत्तर यातच आहे. मीठ आणि आंबटपणा दोन्ही एकत्र. स्टीलच्या पातेल्यात थंड पाण्यावर मीठ टाकून तसंच ठेवलं तर तळाला बारीक पांढुरके खड्डे पडतात, ते काही केल्या जात नाहीत. तीच ही पिटिंग.

उघड्यावरचा खड्डा तरी दिसतो. खरा घात होतो तो फटीत. बोल्टच्या डोक्याखाली, वायसरखाली, आट्यांमध्ये, आणि आमच्या बोल्टच्या बाबतीत रबराच्या आत. अशा फटीत समुद्राचं पाणी शिरतं आणि अडकतं. तिथला ऑक्सिजन थोड्याच वेळात संपतो आणि नवा आत येत नाही. मग आवरण दुरुस्त होणं थांबतं आणि धातू विरघळायला लागतो. विरघळलेल्या धातूच्या आयनांवर धन भार असतो, म्हणून ते बाहेरच्या पाण्यातून ऋण भाराचे क्लोराइड आयन आत ओढून घेतात. धातूचं क्लोराइड पाण्याशी मिळून हायड्रोक्लोरिक आम्ल तयार करतं. बाहेर समुद्राचा पीएच आठच्या आसपास, आणि फटीत तो दोनपर्यंत उतरतो. आम्ल वाढलं की धातू आणखी विरघळतो, आणखी क्लोराइड येतं. थोडक्यात काय, बोल्ट स्वतःच स्वतःसाठी आम्लाची बाटली भरत बसतो. शिवाय बाहेरचा चकचकीत मोठा भाग कॅथोड, आतला चिमुकला भाग अॅनोड, म्हणजे सगळा मारा एका ठिकाणी. बोल्टचं डोकं चमकत होतं आणि पाय कुजत होते, यात विरोधाभास काहीच नाही. डोक्याला हवा मिळत होती, पायांना नाही.

यावर तुम्ही म्हणाल, चांगल्या ग्रेडचं स्टील घ्यावं. बरोबर. पण किती चांगलं? पिटिंगला तोंड देण्याची ताकद मोजायचं एक सोपं सूत्र आहे. क्रोमियमची टक्केवारी, अधिक ३.३ गुणिले मॉलिब्डेनम, अधिक १६ गुणिले नायट्रोजन. आपल्या भांड्यांचं ३०४ ग्रेड घेतलं तर क्रोमियम १८, मॉलिब्डेनम नाही, म्हणजे मार्क साधारण १८. ज्याला लोक "मरीन ग्रेड" म्हणतात ते ३१६, त्यात क्रोमियम १७ आणि मॉलिब्डेनम २ धरलं तर २३.६. ड्युप्लेक्स २२०५ चे होतात ३४ च्या आसपास. समुद्राच्या पाण्यात कायम बुडून राहायचं तर ढोबळमानाने ४० च्या वर लागतात. म्हणजे पासिंग चाळीसला! सुपर ड्युप्लेक्स तेवढं काठावर पास. आपलं "मरीन ग्रेड" ३१६ चक्क नापास आहे, फक्त ३०४ पेक्षा कमी नापास. ते उघड्या भागांसाठी, रोज धुऊन वाळणाऱ्या सामानासाठी उत्तम आहे. पण फटीत त्याचीही के.टी. लागते.

पण नुसत्या गंजाने आमचा बोल्ट तुटला नसता. हिशोब करून बघा. एम-८ बोल्टचं ताण घेणारं क्षेत्रफळ ३६.६ चौरस मिलिमीटर. डोक्यावर "ए२-७०" लिहिलेल्या बोल्टची ताकद चौरस मिलिमीटरला ७०० न्यूटन. म्हणजे सरळ ओढला तर सुमारे अडीच टन. विंडसर्फिंग करणारा माणूस अडीच टनांचा नसतो. (आमच्या मजल्यावरचे एक-दोन अपवाद सोडले तर.) मग?

मग आपला तो एस-एन कर्व्ह. लाटांवरून फळी धडधडत जाते तेव्हा जॉइंटला सतत धक्के बसतात आणि बोल्ट थोडा थोडा वाकतो, सरळ होतो, पुन्हा वाकतो. सेकंदाला एक धक्का धरा. तासाला ३,६००. रोजचे दोन तास आणि हंगामातले शंभर दिवस धरले तर ७ लाख २० हजार. लॅबमध्ये आपण शिकतो की पोलादाला एंड्युरन्स लिमिट असते, तिच्या खाली कितीही वेळा वाकवा, तुटत नाही. ते कोरड्या हवेतलं वाक्य आहे. खाऱ्या पाण्यात ती मर्यादा उरतच नाही. जितके फेरे जास्त, तितकी ताकद कमी. त्यात आट्याचा तळ म्हणजे आधीच स्ट्रेस कॉन्सन्ट्रेशन, आणि त्या तळाशी गंजाचा खड्डा म्हणजे तडा सुरू व्हायला आयती खाच. वाकण्याची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असते हेही विसरू नका. आट्याच्या तळाचा साडेसहा मिलिमीटरचा व्यास सगळीकडून अर्धा अर्धा मिलिमीटर खाल्ला जाऊन साडेपाच झाला, तर ताकद जवळजवळ चाळीस टक्क्यांनी गेली. बोल्ट ढिला असेल तर प्रकरण आणखी लवकर आटोपतं, कारण घट्ट आवळलेल्या बोल्टवर बदलत्या भाराचा थोडाच हिस्सा येतो आणि ढिल्यावर सगळाच येतो. रबर आणि प्लास्टिक दबत जातं, त्यामुळे हे बोल्ट आपोआप ढिले होतात.

त्या कमानीसारख्या रेषांना "बीच मार्क्स" म्हणतात. ओहोटीनंतर वाळूवर राहिलेल्या रेषांसारख्या दिसतात म्हणून हे नाव. समुद्रकिनाऱ्यावरच्या बोल्टला याहून योग्य नाव कुठलं! तडा थांबत थांबत पुढे गेला की प्रत्येक मुक्कामाची रेषा उमटते.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला मुद्दा. मामा म्हणाला, "पण हंगामाची तर सुरुवातच होती रे. चार महिने हा बोल्ट शेडमध्ये नुसता पडून होता." मला वाटतं बोल्टचा खरा घात त्या चार महिन्यांतच झाला. पावसाळ्यात डब्यातल्या मिठाला पाणी सुटतं हे घरोघरी माहीत आहे. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी शोषून स्वतःच विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर ३३ टक्क्यांनाच ओलं होतं. कोकण-गोव्यात ३३ टक्क्यांच्या खाली हवा जाते किती वेळा? म्हणजे फटीत अडकलेलं समुद्राचं मीठ तिथे जवळजवळ कधीच वाळत नाही. आणि ते समुद्रासारखं पातळही नसतं. पाणी उडून गेल्यावर उरलेला तो घट्ट अर्क असतो, समुद्रापेक्षा कितीतरी जहाल. लाटांवर असताना बोल्ट निदान ताज्या पाण्यात तरी असतो. शेडमध्ये जून ते सप्टेंबर तो स्वतःच्याच आम्लात भिजत पडतो आणि बाहेरून बघणाऱ्याला "सामान आराम करतंय" असं वाटतं. मामा रोज धूत होता ते पाणी रबराच्या बाहेरून वाहून जात होतं. बोल्टचं डोकं तेवढं आंघोळ करत होतं.

बाकीच्या भागांबद्दल थोडक्यात. कमरेच्या पट्ट्याला एक स्टेनलेसचा हुक असतो, त्यात बूमची दोरी अडकवून वाऱ्याचा ओढ अंगावर घेतात. हा हुक पट्टीवर वेल्ड केलेला असतो. वेल्डजवळ ४५० ते ८५० अंशांच्या पट्ट्यात क्रोमियम कार्बनशी मिळून कणांच्या सीमांवर जाऊन बसतं आणि तिथलं आवरण दुबळं होतं. म्हणून कमी कार्बनचं, "एल" शेपटीचं ३१६एल वापरतात आणि वेल्डवरचे इंद्रधनुषी डाग आम्लाने साफ करतात. तुमच्या हुकवर ते निळे-जांभळे डाग तसेच असतील तर सुंदर दिसतात म्हणून खूश होऊ नका.

अॅल्युमिनियमच्या बूममध्ये किंवा मास्टच्या तळाच्या नळीत स्टेनलेसचा स्क्रू असला की तक्रार उलटी. तिथे स्टेनलेस सुखरूप आणि अॅल्युमिनियम बिचारं खाल्लं जातं. पांढरी पूड साचते, फुगते, आणि स्क्रू असा जाम होतो की पाना तुटेल पण तो हलणार नाही. हल्लीच्या पंखवाल्या फळ्यांमध्ये, ज्यांना फॉइल म्हणतात, हाच त्रास जास्त, कारण त्यांचा मधला दांडा बहुतेक वेळा अॅल्युमिनियमचा, डोलकाठीसारखा खांब अनेकदा कार्बन फायबरचा आणि बोल्ट स्टेनलेस किंवा टायटॅनियमचे. कार्बन फायबर वीज वाहतं, तेही या भांडणात उतरतं आणि अॅल्युमिनियमच्याच मुळावर येतं.

"खेळाच्या सामानापुरतं ठीक आहे, एवढं काय मनावर घ्यायचं?" असं कुणाला वाटलं तर स्वित्झर्लंडमधल्या उस्टर गावाची गोष्ट ऐका. १९८५ साली तिथल्या जलतरण तलावाचं काँक्रीटचं छत खाली पोहणाऱ्यांवर कोसळलं. १२ जण गेले. छत स्टेनलेसच्या सळ्यांवर टांगलेलं होतं. तलावाच्या हवेतलं क्लोराइड त्या सळ्यांवर साचत गेलं, आणि सळ्यांवर कायमचा ताण होताच. दोन्ही मिळून स्ट्रेस करोजन क्रॅकिंग. आपल्या पुस्तकात ६० अंशांच्या वर याची भीती असं लिहिलेलं असतं. तलावाचं छत काही ६० अंशांना नव्हतं. ताण, साचलेलं मीठ आणि न धुतली जाणारी जागा, ही तिन्ही आमच्या बोल्टच्याही नशिबी होती.

मग मामाने काय बदललं? पहिलं म्हणजे बोल्ट निवडणं. बाजारात "एस.एस." म्हणून जे मिळतं त्यात २०० सिरीजचा माल पुष्कळ असतो, निकेल कमी करून मँगनीज वाढवलेला. चुंबक लावून बघू नका, २००, ३०४ आणि ३१६ तिन्ही चुंबकाला सारखीच दाद देत नाहीत. उलट थंड अवस्थेत घडवलेला अस्सल ३०४ चा बोल्ट थोडा चिकटतोही. त्यापेक्षा डोक्यावरचा शिक्का वाचा. "ए४" म्हणजे ३१६ च्या जातीचं, "ए२" म्हणजे ३०४ च्या. पुढचा आकडा ताकदीचा, ७० किंवा ८०. शिक्काच नसेल तर फळीच्या बुडाला तो बोल्ट लावायचा नाही, बाकड्याला लावा.

दुसरं, जॉइंट महिन्यातून एकदा पूर्ण सोडवायचा, नुसता पाइप मारायचा नाही. सुटे भाग गोड्या पाण्याच्या बादलीत रात्रभर बुडवून ठेवायचे, म्हणजे फटीतलं मीठ बाहेर येतं. मग आट्यांच्या तळाशी नखाने आणि भिंगाने तपासायचं. एक जरी खड्डा दिसला तरी बोल्ट भंगारात. जोडताना आट्यांना पाण्यात न धुपणारं ग्रीस भरपूर लावायचं. यात दोन कामं होतात, फटीत पाण्याला जागा राहत नाही आणि स्टेनलेसवर स्टेनलेस घासून आटे एकमेकांत रुतून बसत नाहीत. साध्या लोखंडी वायर ब्रशने घासायचं नाही, लोखंडाचे कण रुततात आणि तेच आधी गंजून डाग पाडतात. पावसाळ्याआधी सगळं सोडवून, भिजवून, वाळवून, ग्रीस लावून सुटंच ठेवायचं. आणि जॉइंटचा बोल्ट दर हंगामाला नवा. तुटकी बाजू दिसेपर्यंत थांबण्यात काही अर्थ नाही, कारण ती आतच असते. बोल्टची किंमत वडापावच्या हिशोबात मोजण्याइतकीच आहे.

तिसरं, जॉइंटच्या दोन्ही बाजूंना जोडणारा जाड पट्टा किंवा दोर. काही जॉइंटना तो मुळातच असतो, नसेल तर बांधून घ्यायचा. बोल्ट तुटला तरी शीड फळीपासून सुटत नाही. तो नसेल आणि डोलकाठी निखळलीच, तर आधी फळी धरायची. मोकळी फळी वाऱ्याबरोबर इतक्या वेगाने पळते की पोहून गाठता येत नाही. मग फळीवरून हातांनी वल्हवत शीड गाठायचं, जवळच्या दोरीने ते फळीला बांधायचं आणि पाण्यात पसरू द्यायचं. ते नांगरासारखं ओढ देतं आणि बाहेर सरकण्याचा वेग कमी होतो. फळी सोडून किनाऱ्याकडे पोहत निघायचं नाही, मतलई वारा असताना तर मुळीच नाही. फळीवर बसून दोन्ही हात बाजूंना पसरून सावकाश वर-खाली करायचे. ही मदतीची खूण होडीवाल्यांना कळते.